गुहिऱ्याखालची जमीन

"मेला असेल तर लगेच सांगू नका. आधी चहा प्या."

शेजारून मंदाकाकूंचा आवाज आला तेव्हा मी मोरीपाशी दात घासत होते. हात तिथेच थांबला. गायकवाड काका बाहेर गॅलरीत जाळीच्या कपाटासमोर उकिडवे बसलेले असणार, हे मला न बघताच कळत होतं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग काका म्हणाले, "डोळा हलला."

"कुठला?"

"डावा."

"झालं तर मग. या आत."

मी चूळ भरली. त्या हिवाळ्यात आमच्या मजल्यावरची सकाळ अशीच सुरू व्हायची, आणि एके दिवशी काका काहीच बोलणार नाहीत याची मला रोज धास्ती असायची.

डोंबिवली पूर्वेला आमची इमारत होती. प्रत्येक मजल्याला एकच लांब गॅलरी आणि तिच्यावर उघडणारी सगळ्यांची दारं. गायकवाडांचं दार आमच्या दाराला लागून. काका मानपाड्याच्या बाजूला रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघायचे. काकू कल्याणला शाळेत शिकवायच्या. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या दारासमोर जे जाळीचं कपाट होतं, त्यात पूर्वी काकू दूध आणि उरलेल्या पोळ्या ठेवत. आता मधल्या फळ्या काढून टाकल्या होत्या, आत पेरूच्या फांद्या आडव्या बांधल्या होत्या आणि त्या फांद्यांवर एक सरडगुहिरा बसलेला असे.

हा साधा कुंपणावरचा सरडा नव्हे. त्याच्या शेपटीचं भेंडोळं असतं, पायांचे चिमटे असतात आणि चालताना एक पाऊल टाकायला तो इतका विचार करतो की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. मला तो भयंकर वाटायचा. त्याचा एक डोळा माझ्याकडे असायचा आणि दुसरा त्याच वेळी मागच्या भिंतीवर फिरत असायचा. कुणी जवळ गेलं की तो अंग फुगवून फूत्कार टाकायचा आणि हिरव्याचा काळपट व्हायचा. मजल्यावरच्या बायका त्या दारावरून जाताना नाकाला पदर लावत. त्याचा श्वास लागला की अंगावर काळे डाग उठतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी कॉलेजात शिकत होते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. तरी मीही तिथून जाताना श्वास रोखूनच जायचे.

पण त्या मजल्यावर त्याला सगळ्यात जास्त कोण घाबरत असेल तर ते गायकवाड काका.

काका सगळ्यालाच घाबरायचे. विशेषतः जमिनीला. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आधी चपलेचं टोक टेकवायचं, जरा घासून बघायचं, मग पाय ठेवायचा. खिशात खडू असे. कुठे फरशी उचकटलेली दिसली की तिच्याभोवती पांढरं वर्तुळ काढून ठेवत. पावसाळ्यात आमच्या जिन्यावर इतकी वर्तुळं असत की जागा बघायला आलेल्या एका माणसाने इथे काही खून वगैरे झालाय का, असं विचारलं होतं. कोणी पडलं अशी बातमी आली की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "खाली काय होतं?" कोण पडलं, किती लागलं, हे नंतर.

एकदा इमारतीतल्या एका मुलीचं लग्न खालच्या पटांगणात होतं. पंगतीत कुणाच्या तरी हातून बासुंदी सांडली. काका ताटावरून उठले आणि त्या थारोळ्याच्या पुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. पुसायला फडकं आणायला गेलेला माणूस येईपर्यंत हललेच नाहीत. मुलाकडच्यांना वाटलं हे मुलीचे मामा, स्वागताला उभे आहेत. एकेक जण येऊन नमस्कार करून जात होता. काका हात न जोडता म्हणत होते, "नमस्कार, नमस्कार. तिकडून. तिकडून जा."

सगळे हसले. मीही हसले असेन. पण मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो हसण्यासारखा नव्हता.

मी त्यांच्याशी फारसं बोलत नसे. मी कोणाशीच बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत बोलले तर चुकेन आणि इंग्रजीत बोलले तर शिष्ट म्हणतील, म्हणून मान हलवून काम भागवायचे. काका मला "मॅडम" म्हणायचे. "काय मॅडम, आज कॉलेज नाही?" मी मान हलवायचे. "असंय होय," म्हणायचे, जणू मी पुष्कळ काही सांगितलंय.

असा माणूस गुहिरा घेऊन घरी आला. कारखान्याच्या कुंपणावर तो दिसला आणि कामगारांनी दगड मारायला सुरुवात केली. एक दगड त्याच्या पुढच्या उजव्या पायावर बसला. काका मध्ये गेले. त्यांच्या हाताखालचा, मानपाडा गावातलाच एक जुना कामगार आपल्या आगरी बोलीत ओरडला, "सायेब, कनाला त्याच्या नादी लागता? मरायचंय का?" काकांनी डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं, त्यात त्याला एका काटकीने सरकवलं, वर रुमाल टाकला आणि पोटाशी धरून बसने घरी आले. काकूंनी नंतर सांगितलं की दारात उभे राहिले तेव्हा काकांचे ओठ पांढरे पडले होते.

"घरात गॅस आणायला यांना मी इतकी वर्षं विनवते," काकू सगळ्या मजल्याला ऐकवत होत्या, "तर म्हणे भडका उडेल. आणि हे चालतं! हे पोटाशी धरून आणलंय!"

काका वनखात्याच्या ऑफिसात जाऊन रीतसर विचारून आले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, पाळायचा नाही. पाय फांदी धरायला लागला की जिथे सापडला तिथेच नेऊन सोडा. गुरांच्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, पाय जुळेल, पण पडू देऊ नका. आणखी एकदा आपटला तर काही खरं नाही.

पडू देऊ नका, हे त्यांनी सांगितलं ते गायकवाड काकांना.

कारण तो पडायचा. तीन पायांनी फांदी धरायचा, चौथा हवेत चाचपडायचा, आणि मग एकदम सुटायचा. कपाटाचा तळ पत्र्याचा होता. तो आपटल्याचा आवाज मोठा नसे, पण आमच्या घरात मला ऐकू येई.

काकांनी पहिल्यांदा वर्तमानपत्रांच्या घड्या अंथरल्या. गुहिरा वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो, म्हणून वर एक तळाला बारीक भोक पाडलेला डबा टांगला होता. त्याचं पाणी ठिबकून संध्याकाळपर्यंत कागदांचा लगदा व्हायचा. ओली, घसरडी जमीन काकांना बघवेना. शिवाय त्यांनी एक परीक्षा ठरवली होती. फांदीच्या उंचीवरून कोंबडीचं अंडं सोडायचं. कागदावर अंडं फुटलं.

"नापास," काका म्हणाले.

"ऑमलेट," काकू म्हणाल्या आणि वाटी पुढे केली.

मग शेतातली माती आली. मऊ, भुसभुशीत. अंडं फुटलं नाही. काका खूश झाले. कपाटाच्या चारी पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या पूर्वीपासून होत्याच, त्यामुळे ती भीती नव्हती. दुसऱ्याच दिवशी दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना मी पाहिलं तर तळात काहीतरी लाल हलत होतं. मुंग्या बाहेरून आल्याच नव्हत्या. त्या मातीतूनच निघत होत्या. फांदीवर चढत होत्या. गुहिरा काळा ठिक्कर पडला होता आणि एक पाय उचलून झटकत होता. मला ओरडता आलं नाही. मी गायकवाडांच्या दारावर दोन्ही हातांनी नुसती थापा मारत राहिले. काका त्या दिवशी रात्रपाळीला होते म्हणून घरी होते, झोपेतून उठून आले. त्यांनी उघड्या हाताने त्याला फांदीसकट बाहेर काढलं. नंतर त्यांच्या मनगटापर्यंत मुंग्या चावल्याच्या गांधी उठल्या होत्या, पण ते हाताकडे बघतच नव्हते. म्हणाले, "मॅडम, दुपारी तुम्ही घरी असता. जरा बघाल का रोज? हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

मी मान हलवली. बघणं हे एकच काम मला चांगलं जमायचं.

तिसरी जमीन वाळूची. ही काकांची खात्रीची होती. कारखान्यात भिंतीभिंतीला लाल बादल्या टांगलेल्या असतात. आग लागली वाळू, तेल सांडलं वाळू, आम्ल सांडलं वाळू. "वाळूने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही," ते म्हणाले. शहाडला नदीकाठून त्यांनी पिशवी भरून आणली, चाळली, धुतली, आणि त्यात कशाची अंडी असतील तर मरावीत म्हणून कढईत घालून भाजली. काकू गॅलरीत येऊन म्हणाल्या, "बघ गं वीणा, लोकांच्या घरात दाणे भाजतात." पण अंडं त्या वाळूत रुतून बसलं, त्याला तडाही गेला नाही. पाणी पडलं तरी वाळू पिऊन टाकायची. काकांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी सैल झालेलं पाहिलं. त्या रविवारी ते जिन्यावरून शीळ घालत उतरले.

मी दुपारी खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर पुस्तक असायचं, पण लक्ष कपाटात. काका सकाळी नाकतोडे सोडून जायचे. ते वाळूवर उड्या मारायचे. गुहिरा दोन्ही डोळे एका जागी आणायचा, तोंड किंचित उघडायचा आणि त्याच्या अंगाएवढी लांब जीभ सपकन जाऊन परत यायची. हे बघून मी दर वेळी दचकायचे. किती दुपारी दचकण्यातच गेल्या. मग एकदा मान वळवली नाही. जीभ परत आली तेव्हा तिच्या टोकाला नाकतोडा होता आणि नाकतोड्याभोवती वाळू चिकटलेली होती, लाडवाला खसखस लावतात तशी. त्याने ती गिळली.

त्यानंतर मी प्रत्येक घास बघितला. प्रत्येक घासाला वाळू. त्याचं पोट टणक दिसायला लागलं. तो खायचा थांबला. खाली विष्ठा दिसेना. दिवसाउजेडी डोळे मिटून बसायला लागला.

मी हे सांगायला हवं होतं आणि मला ते शब्द जमेनात. मी वाक्य मनात तयार करायचे. पण ज्या माणसाला ते सांगायचं, तो जिन्यावरून शीळ घालत उतरला होता. त्याला काय म्हणायचं? तुम्ही अंथरलंय त्यानेच तो मरतोय?

त्या संध्याकाळी काका कामावरून आले, चपला काढायच्या आधी कपाटाजवळ गेले आणि एक नाकतोडा सोडला. गुहिऱ्याने खूप वेळाने, कशीबशी, जीभ टाकली. मी काकांची बाही धरली आणि बोट दाखवलं. वाळूचे कण त्याच्या ओठांवर चमकत होते. मी बोट त्याच्या पोटाकडे नेलं. मग तळाकडे.

काकांना कळलं. ते खाली बसले. कपाटाला हात टेकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पडण्याचीच परीक्षा घेतली हो मॅडम. खाण्याची घेतलीच नाही."

वाळू लगेच काढली. खाली उघडा पत्रा राहिला. काका स्टुलावर बसले, कपाटाचं दार उघडं ठेवून हात आत घातला आणि फांदीच्या खाली तळवा पसरून धरला. जेवायला उठले नाहीत. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काकू कोमट पाण्याचे थेंब गुहिऱ्याच्या ओठांवर सोडत होत्या. मी दारात उभी होते. काकूंनी मला आत बोलावलं, पुढ्यात मटारच्या शेंगा ठेवल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी असेल. यांच्या डोळ्यांसमोर कारखान्यात एक माणूस घसरला. हौदापाशी. फरशी ओली होती. हे अगदी जवळ होते, हात पुढे केला होता." त्यांनी एक शेंग सोलली. "तेव्हापासून हे असं. मी काही विचारत नाही. तूही विचारू नकोस."

मी काय विचारणार होते.

दोन सकाळी गॅलरीतून "डोळा हलला" एवढंच ऐकू आलं, तेही कुजबुजीसारखं. तिसऱ्या सकाळी काकूंची आरोळी आली, "झाली! अगं वीणा, पाहुण्याला झाली!" आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं कुणाला तरी मुलगी झाली. मजल्यावरची दारं उघडली. नाकाला पदर लावणाऱ्या बायकाही आल्या. तळात वाळूने भरलेला विष्ठेचा एक खडा पडला होता आणि काका त्याच्याकडे असे बघत होते की कुणाला हसायचं धाडस झालं नाही.

शेवटची जमीन शोधायला ते कल्याणच्या बाजारात गेले. कारखान्यात विजेच्या बोर्डासमोर जाड, पन्हाळ्या पाडलेल्या रबराची चटई असते, तसला तुकडा त्यांना हवा होता. आणल्यावर त्याचा वास जाईपर्यंत गच्चीत उन्हात टाकला, रोज जाऊन नाक लावून बघायचे. तळात जुन्या गोधडीची घडी, तिच्यावर रबर, रबराच्या कडा चारी बाजूंच्या जाळीपर्यंत अशा घट्ट बसवलेल्या की खाली किडाही शिरू नये. पन्हाळ्या एका कोपऱ्याकडे उतरत्या, तिथे भोक, आणि भोकाखाली वाटी. ठिबकलेलं पाणी तिकडे वाहून जाई. नाकतोडे आता खाली सोडायचे नाहीत. फांदीला एक खोलगट वाटी टांगली, त्यातच ते ठेवायचे. जमिनीवर त्याने जिभेने उचलावं असं काहीच उरलं नाही. अंडं उडून परत पडलं आणि फुटलं नाही, तरी काका "पास" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बघू."

त्यावर तो पुष्कळदा पडला. धप्प असा मऊ आवाज यायचा. उलटा व्हायचा, वळवळायचा, पुन्हा फांदीकडे निघायचा. पडणं कमी होत गेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचा चौथा चिमटा फांदीवर मिटायला लागला.

पुढे आम्ही ठाण्याला राहायला गेलो. काका निवृत्त झाल्याचं कानावर आलं, मग ते गावाकडे गेल्याचं. पुन्हा भेट झाली नाही. आठवतात तेव्हा मला मानपाड्याच्या त्या संध्याकाळचेच आठवतात.

गुहिऱ्याला सोडायचा दिवस काकूंनी ठरवला, काका ठरवेनात. निघताना मला हाताला धरून म्हणाल्या, "तू चल गं. हे एकटे गेले तर त्याला घेऊन परत येतील."

कारखान्याच्या कुंपणामागे एक करंजाचं झाड होतं. काकांच्या हातावर तो बसला होता. त्यांनी हात फांदीला लावला आणि गुहिऱ्याने पुढचे दोन्ही पाय फांदीवर टाकले. मागचे पाय अजून काकांच्या बाहीवर. तेवढ्यात काकांनी खाली पाहिलं. झाडाखाली विटांचे तुकडे होते, फुटक्या बाटलीच्या काचा होत्या.

"थांबा," ते म्हणाले. हात वर तसाच ठेवून ते पायाने काचा बाजूला सारू लागले. मग गुडघ्यावर बसायला बघू लागले. फांदी हलली.

"अहो, सोडा आता," काकू म्हणाल्या. "त्याला जायचंय."

"इथे वीट आहे. इथे पडला तर?"

"मग जंगलात काय रबर अंथरणार आहात का?"

काका हसले नाहीत. त्यांना ऐकूच गेलं नसावं. कपाळावरून घाम ओघळत होता. हात थरथरत होता, आणि त्याबरोबर फांदी, आणि फांदीवरचा तो. हिरव्याचा काळपट होत चालला होता. मागच्या एका पायाची पकड सुटली. काकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते जमिनीवरची एकेक काच बघत होते, जणू दुसरंच कुणीतरी तिथे पडणार होतं. आता यांच्याच हातून तो पडणार, हे मला स्पष्ट दिसलं. काकू एक हात तोंडावर धरून उभ्या होत्या.

मी त्याला कधी शिवले नव्हते. अंगावर काटा आला होता. मी पुढे गेले, झाडाखाली काचांमध्ये उकिडवी बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ फांदीखाली धरली. त्याचा एक डोळा वळून माझ्यावर आला.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही वर बघा. खाली मी बघते."